उधळलेला बाण

सुनेचा धंदा भरतकामाचा, पण सुई हातात धरायची नाही. शर्टांच्या खिशांवर यंत्रानं जी फुलं-पाखरं विणली जातात, ती कॉम्प्युटरवर आखून द्यायची. माउसनं एकेक टाका जिथल्या तिथे बसवायचा. काम नजरेचं आणि मनगटाचं, आणि आपल्या मनगटाचा तिला भारी अभिमान.

अलीकडे मात्र त्या अभिमानाला तडा गेला होता. पाखराच्या चोचीशी टाका टेकवायला जावं, तर स्क्रीनवरचा बाण शेपटीपलीकडे! हात जरा झटक्यात हलला की स्वारी उधळलीच. शेवटी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, आम्ही चिमणी सांगितली होती. हे बदक आहे."

तिनं कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला गाठलं.

"माउसच्या सेटिंगमध्ये बघा, एका चौकोनात बरोबरची खूण असेल," तो फोनवर म्हणाला. "ती असली की हात जितका वेगात, तितका बाण लांब पळतो. काढून टाका. मग हळू सरकवा नाहीतर झटक्यात, तेवढ्याच अंतराला बाण तेवढाच जाईल."

तिनं खूण काढली आणि चोच पहिल्या फटक्यात जमली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर बाण पुन्हा उधळलेला आणि खूण जागच्या जागी. तिनं पुन्हा काढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"एक तर याला वेड लागलंय, नाहीतर मला," ती नवऱ्याला म्हणाली.

"अपडेट झालं असेल," तोंडातला ब्रश न काढता नवरा म्हणाला. घरात काहीही बिघडलं की त्याचं हेच उत्तर. गिझर बंद पडला, तेव्हाही हेच म्हणाला होता.

मग एका दुपारी ती नमुने पोचवायला गेली. गिऱ्हाईक दुकानात नव्हतं, म्हणून आल्या पावली परतली. बघते तो काय, तिच्या खुर्चीत सासरे! चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला टेकलेलं, आणि समोर माउसचं सेटिंग उघडलेलं.

"बाबा!"

सासरे दचकून उठलेच. जन्मभर बंदरात क्रेन चालवलेला माणूस, पण चेहरा डब्यातला लाडू चोरणाऱ्या पोराचा.

"म्हणजे रोज ही खूण काढतेस ती तू?"

"आणि रोज घालता ते तुम्ही?"

मग सासऱ्यांनी कबुली दिली. ती बाहेर गेली की ते नकाशा उघडून जगातली बंदरं वरून बघत हिंडायचे.

"पण मला जागा वीतभर. जरा माउस सरकवला की तुझ्या दोऱ्यांच्या खोक्यावर आपटतो. ती खूण असली की एका झटक्यात समुद्र पार! आमची क्रेनही तशीच होती गं. दांडा हलकेच ढकलला तर मुंगीच्या पावलानं, जोरात ढकलला तर सुसाट. हाताला तीच सवय."

"मग सांगायचंत ना मला!"

"कामाचं यंत्र तुझं. म्हटलं, जाताना होतं तसं करून ठेवू. पण उठेपर्यंत विसरून जायचो."

रागवायचं म्हणून तिनं तोंड उघडलं खरं, पण बाहेर आलं ते हसू. बदकाची हकिकत ऐकून सासरेही डोळे पुसेपर्यंत हसले.

तिनं पुन्हा फोन लावला, तेव्हा दुरुस्तीवाल्यानं तोडगा सांगितला: एकाच कॉम्प्युटरवर दोघांची खाती वेगळी करायची, ज्याचं सेटिंग त्याच्यापाशी. तिनं तिथल्या तिथे सासऱ्यांचं खातं उघडून दिलं आणि दोऱ्यांची खोकी खाली जमिनीवर ठेवली.

"आता तुमची क्रेन दाखवा बघू."

सासऱ्यांनी नकाशा उघडला आणि मनगटाला एक हिसका दिला. बाण गावं, डोंगर ओलांडत सुटला आणि शेवटी हळूच, अलगद त्यांच्या बंदरातल्या धक्क्याच्या टोकाशी थांबला. सून बघतच राहिली. इतकी वर्षं एका घरात काढून या हाताची करामत तिनं कधी पाहिलीच नव्हती.

"ही पिवळी क्रेन माझी. वर बसलं की खालची माणसं तांदळाच्या दाण्याएवढी दिसायची. एकदा काय झालं..."

तिनं स्टूल पुढे ओढलं.

संध्याकाळी नवरा आला, तेव्हा दिवे लागले नव्हते, चहाचा पत्ता नव्हता, आणि दोन डोकी स्क्रीनला चिकटलेली.

"अरे, काय चाललंय काय?"

"थांब जरा," सून मागे न बघता म्हणाली. "बाबांनी क्रेननं आत्ताच कुठे हत्ती उचललाय. आधी तो बोटीवर नीट उतरू दे."