शून्य ते शंभर

"आता काय राहिलंय काढायचं? दारं?" बायकोने शेडच्या तोंडाशी उभं राहून विचारलं.

लिफ्टवाले गाडीत मागे पालथे पडून सीटचे बोल्ट सोडवत होते. बाहेरून त्यांच्या फक्त पोटऱ्या दिसत होत्या.

"मागची सीट एकोणीस किलोची आहे," ते आतूनच म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही चौऱ्याण्णव. सीट काढण्यापेक्षा रोज चालायला गेला असतात तर एव्हाना दोन सीटा कमी झाल्या असत्या."

बायको खरं बोलली की त्यांना हमखास पाना सापडत नसे. ते पाना शोधू लागले.

अठ्ठावीस वर्षं ते लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करत होते, म्हणून ते लिफ्टवाले. बायको शाळेची बस चालवायची. दोघांची मुलगी लग्न होऊन दूर गेली होती आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिची जागा या गाडीने घेतली होती, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी भिंतीवर आदळलेली ही दोन दारांची स्पोर्ट्‌स कार त्यांनी भंगारातून उचलली. इंजिन टर्बोवालं, अंगापिंडाने मजबूत आणि वजन तब्बल सोळाशे ऐंशी किलो. एकदा पळायला लागली की वाऱ्याला ऐकत नसे. पण उभी असताना हलायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं.

दोष तिचा नव्हता. टर्बो जगतो इंजिनाच्या धुरावर. धूर जोरात बाहेर पडला की तो फिरतो, फिरला की इंजिनात जादा हवा कोंबतो आणि मग ताकद येते. उभ्या गाडीला धूर कुठला? म्हणजे उपाशी माणसाला आधी लाकडं फोडून दे, मग जेवायला वाढतो म्हणण्यातली गत. यावर उपाय एकच. ब्रेकवर उभं असतानाच इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर गरगरवत ठेवायचं आणि सुटायचा झेंडा पडला की क्लच असा सोडायचा की चाकं जागच्या जागी घसरूही नयेत आणि इंजिनाचा दमही जाऊ नये. क्लच जिथे पकडतो ती जागा नखाएवढी. ती पायाला कळावी लागते.

शहराबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर महिन्यातून एका रविवारी गाड्यांचे शौकीन जमत. तिथे वेळ नोंदवणाऱ्यांच्या टेबलामागे एक लाकडी फळा होता. उभ्या जागेवरून शंभरचा वेग पाच सेकंदांच्या आत गाठणाऱ्याचं नाव त्यावर रंगाने लिहीत. नावं चौदा होती. लिफ्टवाल्यांना पंधरावं व्हायचं होतं. तीन वर्षांपूर्वी ते पाच पूर्णांक तीनपर्यंत पोचलेही होते. तेव्हापासून त्यांनी चटकन फिरणारा लहान टर्बो बसवला, मऊ रबराचे टायर घातले, गिअरची दातचाकं बदलली, एसी काढला, स्टेपनी काढली, छताचं अस्तर सोलून काढलं. आणि गाडी पाच पूर्णांक सातवर आली होती. म्हणजे मागे! हा काय प्रकार आहे ते त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. जेवताना ते मध्येच उठत, शेडमध्ये जात, दिवा लावून गाडीकडे बघत उभे राहत आणि हात वाळला की परत पानावर येत.

त्यात हा रविवार शेवटचा. पुढच्या महिन्यात धावपट्टीवर सौर पॅनेल बसणार होते.

शनिवारी सकाळची ड्यूटी संपवून ते थेट गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर गेले. तिथे लॅपटॉप वाट बघत होता. हा बँकेतला कॉम्प्युटरवाला. गाडीचं इंजिन संगणकावरून जुळवून द्यायचा आणि मांडीवर लॅपटॉप नसलेला त्याला कुणी पाहिला नव्हता. त्याने गाडीला वायर जोडली. लिफ्टवाले चार वेळा सुटले. पहिल्यांदा चाकं किंचाळली, दुसऱ्यांदा इंजिन खोकून बसलं, तिसऱ्यांदा जळक्या क्लचचा वास सुटला. चौथ्यांदा पुन्हा चाकं.

"काका, स्क्रीनवर क्लचची रेघ परत तशीच येतेय," लॅपटॉप म्हणाला.

"तशीच म्हणजे?"

"चार वेळा सुटलात, चारही वेळा क्लच वेगळ्या जागी सोडलात."

"मग सेन्सर खराब."

"मागच्याच महिन्यात नवा टाकलाय."

"मग नवाच खराब! हल्ली नवं म्हणून काय चांगलं मिळतं रे?"

लॅपटॉपने एकदा त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि लगेच मान स्क्रीनमध्ये घातली. लिफ्टवाल्यांनी ते पाहिलं. त्यांना त्याचा असा राग आला की वायर त्यांनीच उपटून काढली.

खरं तर पेडलवर पाय ठेवला की मध्ये कुणीतरी उशी ठेवल्यासारखं त्यांना दोन-तीन वर्षं वाटत होतं. आधी त्यांनी पेडलचं रबर बदललं. मग क्लचप्लेट बदलली, तीनदा. गेल्या आठवड्यात पातळ तळव्याचे बूट घेतले, कागदासारखे. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि फाशी देणाऱ्याला चोराचा पत्ता ठाऊक होता. पण ठाऊक असणं वेगळं आणि स्वतःशी कबूल करणं वेगळं.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी दारात बूट काढले, आत येऊन ते पाणी प्यायले, खिडकीपाशी गेले, परत आले. बायको भाजी चिरत होती.

"उद्या हवा कमी ठेवतो टायरमध्ये," ते म्हणाले. "आणि टाकीत पाचच लिटर पेट्रोल. तेवढंच वजन..."

"अहो, हलू नका."

"का?"

"जागचे हलू नका म्हणते ना!"

त्यांनी खाली पाहिलं. दारापासून माठापर्यंत, माठापासून खिडकीपर्यंत फरशीवर काळपट लाल ठिपके होते. गाडीचं ऑइल पायाला लागलं की काय, असंच त्यांना आधी वाटलं. बायकोने त्यांना खुर्चीत बसवलं, डावा पाय मांडीवर घेतला आणि मोजा सोलून काढला. अंगठ्याच्या खालच्या मांसात एक स्क्रू डोक्यापर्यंत रुतला होता. दारातल्या बुटाच्या तळव्याला तेवढंच भोक होतं.

स्क्रू त्यांनी लगेच ओळखला. सकाळी सातव्या मजल्यावर लिफ्टच्या पॅनेलमधून पडला होता आणि अर्धा तास गुडघ्यांवर रांगूनही सापडला नव्हता.

"सकाळपासून?" बायकोचा आवाज एकदम बारीक झाला. "सकाळपासून हा घेऊन फिरताय?"

"टोचल्यासारखं वाटलं होतं जरा," लिफ्टवाले म्हणाले.

"डोळे मिटा."

"आता हे काय?"

"मिटा म्हणते."

त्यांनी डोळे मिटले.

"आता बोट लावलं. कळलं?"

"हो."

"आता?"

"हो."

"आता?"

"हो गं, कळतंय की! लहान मूल आहे का मी?"

त्यांनी वैतागून डोळे उघडले. बायको हात मागे बांधून दोन पावलं दूर उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती भयंकर चिडलेली होती.

"मी लावलंच नव्हतं," ती म्हणाली. "तिन्ही वेळा नाही. क्लच बदलला, टर्बो बदलला, काय काय बदललंत! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. नऊ वर्षं शुगर आहे तुम्हाला, गोळी आठवली तर आठवली. आणि मला एका शब्दाने सांगू नये?"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्क्रू काढला, इंजेक्शन दिलं आणि एक सळी वाजवून तिची थरथर कळते का ते दोन्ही पायांना लावून पाहिलं. शुगरने डाव्या पायाची जाणीव घोट्यापर्यंत गेलेली होती, उजव्याची बोटांपासून जायला लागली होती. गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते सांभाळा, असं त्या सरळ म्हणाल्या. वाहन चालवायचं नाही. उंचावरचं काम तर नाहीच.

परतताना लिफ्टवाले म्हणाले, "उद्या एकदाच. फक्त पाच सेकंदांचा तर प्रश्न आहे."

"सुटाल हो पाच सेकंदांत," बायको म्हणाली. "थांबणार कसे? ब्रेकसुद्धा पायानेच मारतात ना?"

रविवारी सकाळी गाडी धावपट्टीपर्यंत बायकोनेच नेली. शेवटचा दिवस आहे, नुसतं बघून येऊ, असं ठरलं होतं. निदान तिचं तरी तसं ठरलं होतं. लिफ्टवाल्यांनी वाटेत चार वेळा घड्याळ पाहिलं, काच खाली केली, वर केली, हेल्मेट मांडीवर घेतलं, पायाशी ठेवलं, परत मांडीवर घेतलं. पोचल्यावर ते लंगडत गाडीला वळसा घालून तिच्या दाराशी आले.

"उतर," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. भांडेल असं त्यांना वाटलं होतं आणि भांडणाची तयारी त्यांनी रात्रभर करून ठेवली होती. पण ती उतरली, ओढणी सारखी केली आणि धावपट्टीच्या कडेला लॅपटॉपशेजारी जाऊन उभी राहिली. तिने ओरडून अडवलं असतं तर बरं झालं असतं.

गाडी रेषेवर आली. लिफ्टवाल्यांनी इंजिन चार हजारांवर नेलं. सगळी गाडी थरथरायला लागली; हाताला कळत होतं, पाठीला कळत होतं, दातांना कळत होतं. झेंडेवाला पुढे आला. कडेला माणसं दोरीला रेलून उभी होती, त्यांत बायको होती. डावा पाय पेडलवर आहे का? असावा. त्यांनी वाकून बघायचा प्रयत्न केला, पण हेल्मेट स्टिअरिंगला अडत होतं. पाय आहे का, किती दाबलाय, उजवा नेमका कशावर आहे? अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांना निष्काळजी म्हणून झापलं होतं. लिफ्टचं दार उघडं ठेवणारा वॉचमन असो की तारेला फडकं गुंडाळणारा हेल्पर, त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं.

झेंडेवाल्याने हात वर नेला. लिफ्टवाल्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

ते उतरून चालत दोरीपाशी आले. हेल्मेट बायकोपुढे धरलं.

"तू बस."

"मी? काहीतरीच काय!"

"बावन्न किलोची आहेस. माझ्यापेक्षा बेचाळीस कमी," लिफ्टवाले म्हणाले. एवढ्यातही त्यांचा हिशेब चुकला नव्हता. "चार हजारांवर ठेवायचं आणि क्लच जिथे पकडायला लागतो तिथे..."

"क्लच मला शिकवू नका. बावीस वर्षं साठ पोरं घेऊन चढावरून बस काढतेय. एकाची मान कधी हलली नाही."

पहिल्यांदा ती सुटली ती अगदी रेशमासारखी. पाच पूर्णांक दोन.

"छान, पण हळू सोडलंस," लिफ्टवाले खिडकीत वाकून म्हणाले.

"मुलांची सवय हो. मागे कुणी धडपडेल असं वाटतं."

"मागे कुणी नाही. मागे सीटच नाही."

ती हसली. हेल्मेटमधून नुसते डोळेच हसताना दिसले. दुसऱ्यांदा झेंडा पडला तेव्हा गाडी घसरली नाही, खोकली नाही, किंचाळलीसुद्धा नाही. मागच्या चाकांवर बसली आणि नाहीशी झाली. लॅपटॉप खुर्चीतून उठला आणि त्याचा लॅपटॉप खाली पडला.

चार पूर्णांक आठ.

लोक लिफ्टवाल्यांच्या पाठीवर थापा मारू लागले. ते हसत होते आणि त्यांना मनापासून आनंद झाला होता. पण आनंदाच्या आतून एक कळ निघाली, ती मात्र त्यांना पायापासून डोक्यापर्यंत कळली. गाडीत काही दोष नव्हता. कधीपासूनच नव्हता.

फळ्याजवळचा माणूस ब्रश बुडवून आला. "नाव काय लिहू?"

"काकांचं लिहा, गाडी त्यांनी बनवलीय," लॅपटॉप म्हणाला. "नाहीतर दोघांचं लिहा."

"दोन ओळींना जागा कुठे आहे?" लिफ्टवाले म्हणाले. "चालवणाऱ्याचं लिहितात, तिचं लिही." आणि त्यांनी बायकोचं पूर्ण नाव सांगितलं. एक अक्षर वेडंवाकडं आलं ते पुसून पुन्हा लिहायला लावलं.

परतताना रस्त्याला गर्दी होती. बायको बोलत होती, हसत होती. उद्या ऑफिसला फोन करून सांगावं लागणार होतं, की लिफ्टच्या डोक्यावर उभं राहणं आता जमणार नाही. काय शब्दांत सांगायचं ते लिफ्टवाले मनात जुळवत होते. सिग्नल लागला. तिने गाडी थांबवली, सुटला तशी अलगद काढली. पुढे पुन्हा सिग्नल.

"अहो," ती समोर बघतच म्हणाली, "क्लच दाबताय का तुम्ही तिकडे?"

"नाही गं. छे."

असं म्हणून ते वाकले आणि त्यांनी खाली पाहिलं. बँडेज बांधलेला पाय रिकाम्या जागेवर घट्ट दाबून ठेवलेला होता. हिरवा दिवा लागला. लिफ्टवाल्यांनी गुडघ्याखाली दोन्ही हात घातले आणि पाय उचलून मागे घेतला.