ड्रायव्हरसाठी कौल

गौरेश पार मेटाकुटीला आला होता. रोज सकाळी डिचोलीहून मोटरसायकलवरून पेडण्याला यायचं, धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायचं आणि संध्याकाळी कालच्याच जागी अडकून घरी जायचं. किती महिने हे चाललं होतं, देव जाणे.

काम ऐकायला सोपं. रोग्यांच्या साऱ्या नोंदी एका जुनाट डेटाबेसात, आणि तो ज्यावर चालायचा तो कॉम्प्युटर मरायला टेकलेला. नवा आणला, त्यावर लिनक्स घातलं, फुकट आणि खुलं. पण या दोघांचं बोलणं जुळवायला मध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो. डेटाबेस विकणारी कंपनी कधीच बुडाली, त्यामुळे लिनक्ससाठी तो कुणी लिहिलाच नव्हता. गौरेशनं जुन्या ड्रायव्हरचा कोड कुठूनसा मिळवला आणि एकेक ओळ बदलून नव्यावर बसवू लागला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! सगळी निस्तरली, एक राहिलं. मध्येच वीज गेली की शेवटची नोंद नाहीशी व्हायची, आणि पडद्यावर मात्र आधीच ‘नोंद झाली’ असं दिमाखात आलेलं असायचं. इथंच घोडं पेंड खात होतं. आणि पेडण्यात वीज जात नाही असा दिवस कोणता, सांगा बघू!

दवाखान्याचे अध्यक्ष गोकुळदासबाब रोज दारातून डोकावायचे. “काय रे गौरेश, जालां मरे?”

“जातां बाब, जातां.” होतंय म्हणून गौरेश वेळ मारून न्यायचा.

परवा मात्र त्याच्या तोंडून “जालां” निसटलं. खोटं बोलायचं नव्हतं हो त्याला, पण ‘नाही’ म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं. बाब खूश. आता देवाला विचारल्याशिवाय बाब विहिरीचा पंपसुद्धा बदलत नाहीत, तेव्हा आज सकाळी सगळे देवळात. गौरेशला उलट हायसं वाटलं. मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली डावी आधी पडली की देवाचा नकार. देवानंच नको म्हणावं, म्हणजे आपल्याला तोंड उघडायला नको.

बाबांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान काम पुरा केल्यान. नवो कॉम्प्युटर सुरू करूक उजवो कौल दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. गौरेशही म्हणाला.

उजवी पाकळी पडली.

दवाखान्यात परतल्यावर अर्चना नर्स हौसेनं नव्या कॉम्प्युटरसमोर बसली. कोल्हापूरकडची पोरगी, कामाला वाघ. “गौरेशदादा, आजपासनं कागदाचे केसपेपर बंद न्हवं? ही शेवंतीबाय आलीया, तिला पेनिसिलीन चालत न्हाई. ते आधी चढवते.”

शेवंतीबाय बाकावर बसून पदरानं वारा घेत होती. गौरेशनं पुढे होऊन कीबोर्ड बाजूला ओढला.

“थांब, अर्चना. नको चढवू. वीज गेली तर ते राहणार नाही.”

“देवान उजवो दिल्यान आणि तू नको म्हणतंस?” गोकुळदासबाब भडकले.

“काम पुरं झालं असं देवाला सांगितलंत, बाब. ते पुरं झालेलं नाही. मी खोटं बोललो.”

बाब मटकन शेवंतीबायशेजारी बसले. “मग सांगूक काय जाला होता तुका?”

“तुम्ही रोज विचारायचात. रोज काय तेच सांगू? लाज वाटायची. दमलो हो मी, बाब.”

बाबांचा राग कुठल्या कुठे गेला होता.

“अरे, मी दारात येय होतंय, ता तुका मदतीक कोण व्हयो काय इचारूक. तू मान वर करीनस तर ना! घाई कोणाक होती रे? माका वाटला, तुकाच घाई आसा.”

इतके महिने गौरेश जीव तोडून धावत होता, आणि मागे कुणी लागलेलंच नव्हतं.