राछेपलीकडची माणसं

कापडाच्या लूमला तार भरायचं काम दोघांचं असतं. मागे बीम असतो, म्हणजे मोठा रूळ, त्यावर सुताच्या हजारो तारा गुंडाळलेल्या. पुढे राछ टांगलेली असते, म्हणजे उभ्या बारीक सळ्यांची झालर, आणि प्रत्येक सळीला मधोमध सुईसारखा डोळा. एक माणूस मागे बसतो, एक पुढे. पुढचा त्या डोळ्यातून हूक आत घालतो, मागचा एक तार उचलून हुकावर ठेवतो, पुढचा खेचतो. एका बीमला चोवीसशे वेळा.

मी मागे बसायचो, धाकल्या पुढे. एकतीस वर्षं.

मागच्या माणसाला एकच नियम. हुकाची खेच बोटाला लागल्याशिवाय तार सोडायची नाही, आणि ती गेल्याशिवाय दुसरी उचलायची नाही. घाई केली तर तार पडते, दुसरीत मिसळते, आणि लक्षात येतं तेव्हा कापड विणून झालेलं असतं. त्या एकतीस वर्षांत आमच्या हातून गेलेल्या एकाही बीममध्ये उलटी, म्हणजे चुकीच्या डोळ्यात गेलेली, तार निघाली नाही. हे मी फुशारकीनं नाही सांगत. पुढे जे झालं ते याच सवयीनं झालं, म्हणून सांगतोय.

भिवंडीतला आमचा कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले. त्या जागी आता गोडाऊन आहे. धाकल्या गणेशपुरीच्या वर त्याच्या पाड्यावर निघून गेला. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, ‘चल रेमानभाय,’ आणि मी म्हटलं, ‘चल.’ आम्ही समोरासमोर बसून बोलणारी माणसं नव्हतो. मध्ये राछ असायची. तिच्यातून मला त्याचं नाक दिसायचं, अर्धा डोळा दिसायचा आणि आवाज यायचा. एवढ्यात एकतीस वर्षं भागलं.

चित्रं मी कारखान्यातच काढायला लागलो होतो. एक बीम संपून दुसरा चढेपर्यंत वेळ असायचा. सूत गुंडाळलेल्या कोनांच्या खोक्यांचे पुठ्ठे पडलेले असायचे, खिशात बॉलपेन असायचं. अक्षरं नंतर आली, पन्नाशीनंतर, नाजनीनच्या जुन्या शाळेच्या पुस्तकांवरून. माझ्या चित्रांत उभ्या रेघा येतात. लोक विचारतात, याचा अर्थ काय. अर्थ काही नाही. मी सगळं तसंच बघितलंय.

नाजनीन माझी मुलगी. नाशिकला एका कंपनीत कामाला आहे, लोकांना मेल पाठवणं हेच तिचं काम. तिची आई गेल्यानंतर दोन वर्षांनी तिनं माझे पुठ्ठे ठाण्याच्या एका कॉलेजात तीन दिवस लावले. दारात एक वही ठेवली आणि आलेल्या प्रत्येकाकडून मेलचा पत्ता लिहून घेतला. एकशे त्रेचाळीस पत्ते झाले.

‘हे काय करायचे?’ मी विचारलं.

‘यांना दर आठवड्याला पत्र लिहायचं, अब्बा. एक चित्र, दहा ओळी.’

‘मला कोण ओळखतं त्यांच्यातलं?’

‘म्हणून तर लिहायचं. फोनवरच्या अ‍ॅपात चित्र टाकलं तर लोक बघतात आणि अंगठ्यानं वर ढकलतात. ते दुकान दुसऱ्याचं आहे, उद्या शटर पाडलं तर तू रस्त्यावर. ही वही तुझी आहे. ती कोणी काढून घेणार नाही.’

तिनं माझ्या फोनवर सगळं बसवून दिलं. पत्र लिहायचं पान, चित्र लावायची जागा, नावांची यादी. प्रत्येक नावापुढे एक लाल खूण होती. ‘कोणी म्हटलं, पत्र नको, तर हे दाबायचं. नाव जातं.’ आणखी एक पान होतं, आकडे आणि रेघांचं, सगळं इंग्रजी. ‘हे नंतर शिकवते,’ म्हणाली, आणि तिची गाडी होती म्हणून गेली.

जाताना रिक्षातून एक गोष्ट सांगितली. ‘सगळ्यांना लिहितोय असं लिहू नकोस, अब्बा. एका माणसाला लिहितोयस असं समज.’

माझ्याकडे एकच माणूस होता, आणि त्याला वाचता येत नव्हतं. पण त्याची मुलगी ललिता तेव्हा भिवंडीतल्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला यायची आणि संध्याकाळच्या एस.टी.नं पाड्यावर जायची. मी तिला गोडाऊनच्या गेटवर गाठलं. मेल तिच्याकडे होता, नोकरीला लागताना काढावा लागला होता. ‘बाबांना वाचून दाखवशील?’ विचारलं. ती म्हणाली, ‘दाखवीन की, चाचा.’ यादीत एकशे चव्वेचाळीसावं नाव तिचं झालं. खरं तर माझ्यासाठी पहिलं.

कारखान्याची सुट्टी शुक्रवारची, म्हणून पत्र शुक्रवारी. पहिल्या पत्रात धाकल्याचा अंगठा काढला, हुकासाठी नख वाढवलेला. दुसऱ्यात ती मांजर, जी नुकत्याच बंद केलेल्या मोटरच्या उबेला झोपायची. तिसऱ्यात खिडकीतून पडणारं ऊन, ज्यात सुताची धूळ उडताना दिसायची आणि धाकल्या म्हणायचा, ‘बघ, पगार उडतोय.’

पहिल्या पत्राला अकरा जणांनी उत्तर दिलं. कल्याणच्या एका बाईंनी लिहिलं की त्यांचे वडीलही लूमवर होते. एका मुलानं नुसतं ‘छान’ लिहिलं. दुसऱ्याला सात उत्तरं आली, तिसऱ्याला आठ. ललिताचं एकही नाही.

मी वाट बघितली. फोन उशाला ठेवायचो. घरात आवाज नव्हता, बाहेरही नव्हता. आमच्या गल्लीत पूर्वी लूमचा आवाज इतका असायचा की घरात ओरडून बोलायची सवय होती. आता शेजारच्या घरात चमचा पडला तरी ऐकू येतो.

मग मी ठरवलं, तीन पत्रं पुरे. तीन वेळा तार धरली, खेच आली नाही, म्हणजे पुढे माणूस बसलेला नाही. उठून गेला असेल. रिकाम्या राछेत तार सोडत राहायचं नसतं. मी यादी उघडली आणि ज्यांचं एकदाही उत्तर आलं नव्हतं त्यांच्यापुढची लाल खूण दाबायला लागलो. एकेक नाव. मला ते काम नीट आणि बरोबर वाटत होतं. ललिताच्या नावावर थांबलो. चहा केला, प्यायलो, परत आलो आणि तेही दाबलं. वाटलं, धाकल्याला नसेल ऐकायचं. त्याच्या पाड्यावर त्याची माणसं आहेत, त्याला कशाला कारखाना आठवायचा.

पुढे हाच नियम ठेवला. जो उत्तर देईल त्याला पत्र. आठ महिन्यांत नऊ नावं उरली.

नाजनीन फोनवर विचारायची, ‘पत्रं चालू आहेत ना?’ मी म्हणायचो, ‘चालू आहेत.’ खोटं नव्हतं ते.

बकरी ईदला ती आली. जेवणं झाल्यावर माझा फोन घेऊन पलंगावर बसली आणि यादी उघडली.

‘अब्बा, नऊच?’

‘बाकीच्यांचं उत्तर येत नव्हतं.’

‘कुणी सांगितलं उत्तर देतात म्हणून? लोक वाचतात आणि ठेवून देतात. तू मामूंच्या पत्राला कधी उत्तर लिहिलंस?’

‘मला लिहिता येत नव्हतं तेव्हा.’

‘आल्यावर?’

तिनं ते आकड्यांचं पान उघडलं. ‘हे बघ. जाताना मी म्हटलं होतं शिकवते, माझंच चुकलं. पत्र कुणी उघडलं, किती वेळा उघडलं, सगळं इथे येतं. पहिलं पत्र, शंभरावर लोकांनी उघडलंय. दुसरं, पंच्याण्णव.’ मग तिचं बोट थांबलं. ‘ही ललिता कोण?’

‘धाकल्याची मुलगी. का?’

‘पहिलं पत्र चौदा वेळा उघडलंय. दुसरं वीस. तिसरं एकतीस वेळा.’ तिनं माझ्याकडे बघितलं. ‘आणि तू तिला काढलंस.’

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती नाशिकला गेली. मी त्याच्या दुसऱ्या दिवशी पुठ्ठे एका पिशवीत घातले आणि डेपोतून गणेशपुरीची एस.टी. धरली. उतरून वर पाऊण तास चालत. मधल्या वर्षांत मी तिथे एकदाही गेलो नव्हतो, विचारत विचारत गेलो.

धाकल्या अंगणात शिंदीच्या पात्यांची झाडू बांधत बसला होता. केस पूर्ण पांढरे. माझी सावली पडली तशी त्यानं मान वर केली, डोळे बारीक केले.

‘कोन हाय?’

‘मी.’

त्यानं कान माझ्याकडे केला. ‘बोल आनखी.’

‘काय बोलू?’

‘हां. रेमानभाय हाय. मना वाटलं, तू मेलास.’

‘अजून नाही.’

‘मंग बस. बाज तुटलीय, त्या कडंला बस.’

त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरं जाळं आलं होतं. चहा करायला घरात दुसरं कोणी नव्हतं, त्यानंच चाचपडत केला. बायको दोन पावसाळ्यांपूर्वी गेली होती, मला ते माहीतही नव्हतं. ललिता गोडाऊनच्या जवळ भाड्यानं राहायला गेली होती, रविवारी यायची.

मी सरळ विचारलं, ‘माझी पत्रं ऐकलीस?’

‘तीन आयकली. मंग बंद.’

‘उत्तर का नाही दिलंस?’

त्यानं हातातली झाडू खाली ठेवली. ‘दिला की. ललिता बोलली, बाबा, आपुन उघडलं का त्या मानसाला तिकडं दिसतं. तिच्या गोडाऊनमधी साहेब तसंच बघतात, कोनी वाचलं, कोनी न्हाय. म्हंगून मी तिला बोललो, उघड. कामावरून आली का उघड. जेवली का उघड. ती वैतागली, बोलली, बाबा, पाठ झालं. मी बोललो, पाठ झालं तर झालं, तू उघड. रेमानभायला खेच लागली पायजे.’

मी कप बाजेच्या कडेला ठेवला.

‘न्हाय लागली?’ त्यानं विचारलं.

‘ते पान इंग्रजीत होतं.’

‘शिकलो शिकलो म्हंगून मिरवत व्हतास,’ तो म्हणाला आणि हसला. दात फारसे राहिले नव्हते. मग हसणं थांबवून म्हणाला, ‘मी हूक घालून बसलेलो. लय दिस. तू तार दिलीसच न्हाय.’

मी पिशवीतून पुठ्ठे काढले. न पोचलेली पत्रं फोनवरून एकामागून एक वाचून दाखवली. चित्र त्याला दिसत नव्हतं, पण बॉलपेन दाबून काढलेल्या रेघा पुठ्ठ्यात रुततात, त्यावरून तो अंगठा फिरवत होता. नख आता कापलेलं होतं. एका ठिकाणी थांबून म्हणाला, ‘ही राछ.’ पुढे म्हणाला, ‘हे काय, मोटार?’ ते चहाच्या भट्टीवरचं भांडं होतं, पण मी हो म्हटलं.

निघताना त्यानं विचारलं, ‘आनि बाकीची मानसं? तू गेटवर ललिताला बोलला व्हतास, दीडशे हायत.’

‘त्यांनाही काढलं होतं. ओळखीची नव्हती, आवाज नाही, काही नाही.’

‘मी तरी कुठं दिसत व्हतो तुला,’ धाकल्या म्हणाला. ‘नाक दिसत व्हतं.’

शेवटची एस.टी. साडेपाचची होती. त्यानं राहा म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. वळणावरून मागे बघितलं तेव्हा तो पुन्हा झाडू बांधायला लागला होता.

नाजनीननं फोनवर सांगितलं, काढलेल्या लोकांना गुपचूप परत घालता येत नाही, एकदा विचारावं लागेल. मी एक पत्र लिहिलं. आमचं तार भरायचं काम कसं असतं ते सांगितलं, माझी चूक सांगितली, आणि विचारलं की पुन्हा पाठवू का. एकशे पस्तीस जणांना गेलं. साठ जणांनी हो म्हटलं. एकानं लिहिलं, आपण कोण ते आठवत नाही. बाकीच्यांकडून काही आलं नाही, आणि ते बरोबरच आहे. आठ महिने हूक घालून कोण बसेल.

ललिताचं हो पहिल्याच दिवशी आलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘चाचा, आता मी रविवारीच घरी असते.’

तेव्हापासून पत्र शुक्रवारी जातं आणि मी रविवारची वाट बघतो. आकड्यांचं पान अजून पूर्ण कळत नाही, पण ललिताची ओळ कुठे असते ते नाजनीननं दाखवलंय. रविवारी सकाळचे अकरा वाजून गेले की मी फोन उघडतो. कधी तिच्यापुढे दोन असतात, कधी तीन. एकदा सात होते, तेव्हा मी गल्लीच्या टोकापर्यंत उगाच चालून आलो. बाकीच्या नावांकडेही बघतो. एक बाई दर वेळी पहाटे पाचला उघडतात. त्या कोण, काय करतात, माहीत नाही. त्यांनी कधी काही लिहिलेलं नाही.

गेल्या रविवारी ललिताच्या ओळीत शून्य होतं. संध्याकाळपर्यंत शून्यच. ड्युटी लागली असेल, एस.टी. चुकली असेल, फोनचं चार्जिंग संपलं असेल. धाकल्या बरा नसेल. मी कोरा पुठ्ठा मांडीवर घेऊन बसून राहिलो. बोटात पेन होतं, ते हलेना.

मगरिबची अजान झाली तेव्हा दिवा लावला, आणि पुढच्या शुक्रवारचं चित्र काढायला घेतलं.