पाच राजम्यांचा नियम

"पाच!" मोरेश्वर गरजला आणि राजम्याचे पाच दाणे त्याने टेबलाच्या मध्ये सरकवले.

हातात काहीच नव्हतं. पण आवाज असा लावला होता, की रिफायनरीत त्या आवाजाला फिटर शिडीवरून खाली उतरले असते.

फरजानाने शांतपणे आपले पाच दाणे टाकले. "दाखवा, भाऊ."

तिच्याकडे दुर्रीची जोडी निघाली. नुसती दुर्रीची!

"दुर्रीवर कोण थांबतं? मी पाच लावले होते ना!"

"पाच राजमेच तर आहेत," फरजाना म्हणाली. ती खालच्या मजल्यावर राहायची, एका शाळेत नर्स होती आणि कशालाच घाबरत नसे.

आखातात, मंगफमधल्या मोरेश्वरच्या फ्लॅटवर दर शुक्रवारी जेवणानंतर पोकर चाले. पैशांचं नाव नाही, राजमे. पूर्वी कोणी कितीही दाणे लावावेत. मोरेश्वर अख्खा ढीग पुढे सारायचा आणि बाकीचे पत्ते टाकून मोकळे व्हायचे. मग उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला हार्ट अटॅक आला. कंपनीने साइटवरून उचलून त्याला ऑफिसात बसवलं, आणि घरी अर्चनाने, त्याच्या बायकोने, नियम केला: एका वेळी कमीत कमी एक दाणा, जास्तीत जास्त पाच. ढीगबीग ढकलायचा नाही.

तेव्हापासून तो हरत होता. हरण्यापेक्षाही, कोणी पळतच नाही याचा त्याला भयंकर वैताग येई.

"काका, थापा मारणं सोडा," समोरच्या फ्लॅटमधला सुशांत म्हणाला. "पाचला कोण घाबरणार? आधी एक दाणा टाकून स्वस्तात पुढचे पत्ते बघा. नाही जमलं तर सोडून द्या. जमलं की मग प्रत्येक वेळी पाच लावा. लोक येतातच मागे."

"म्हणजे तोवर वाट बघत बसायचं?"

"हो."

"हा खेळ आहे की रेशनची रांग?"

पण तो बसला. धुसफुसत पत्ते टाकत राहिला. मग एकदा हातात दोन सत्त्या आल्या. "एक," तो गुरगुरला. मध्ये सगळ्यांचे सामाईक तीन पत्ते उघडले, त्यात तिसरी सत्ती.

"पाच." या वेळी त्याने आवाज चढवला नाही. सुशांतने आणि फरजानाने पत्ते टाकले. अर्चना थांबली. पुढच्या पत्त्याला पाच, शेवटच्याला पाच, ती थांबलीच.

उघडल्यावर तिच्याकडे साधी जोडीसुद्धा नव्हती.

जिंकूनही मोरेश्वरचा पारा चढला. "अगं, तीनदा पाच लावले मी! ही थाप नाही, हे कळलं नाही तुला?"

"कळलं."

"मग टाकायचे ना पत्ते!"

अर्चना पत्ते गोळा करत म्हणाली, "टाकले की मी रिकामी होते. मग नुसती तुमच्याकडे बघत बसते. धाप लागतेय का, हात छातीकडे जातोय का. त्यापेक्षा पंधरा राजमे गेलेले परवडले."

फरजाना उगाचच पाणी आणायला उठली. सुशांतने पत्ते पिसले, पुन्हा पिसले आणि वाटले.

मोरेश्वरला गुलाम आणि तिर्री आली.

"पाच," अर्चना म्हणाली.

"सोडले," तो म्हणाला आणि पत्ते पालथे ठेवले.

मग त्याला करायला काही उरलं नाही. अर्चना डोळे बारीक करून पत्ते बघत होती. मानेखालची हाडं वर आली होती. तिने हात उचलला तशी बांगडी मनगटावरून सुटली आणि थेट कोपरापाशी जाऊन थांबली.

"काय बघताय?" पत्त्यांवरची नजर न हलवता तिने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "तू खेळ."