धनश्रीचा पाय हलला की मी वाजते

मित्रांनो, मी बाभळीच्या लाकडाची, दोन हातांची, वयस्कर खुर्ची. मुक्काम केडगाव, रतनमावशींची पडवी. माझा एक पाय आखूड आहे, त्यामुळे बसणाऱ्याने जराशी चुळबुळ केली तरी मी कुरकुरते.

श्रीरामपूरच्या छगन सुतारांनी मला घडवलं, ते एका कापूस व्यापाऱ्याच्या पेढीसाठी. तीस वर्षं मी तिथे मानाने राहिले. बसणारे म्हणायचे, "काय दणकट आहे हो!" मग पेढीत गरगर फिरणाऱ्या, चाकांच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी गोदामात, रिकाम्या पोत्यांखाली झाली. तिथे पायाला वाळवी लागली. तेवढा तुकडा कापून मला भंगारवाल्याला दिलं. त्याच्या गाड्यावरून रतनमावशींनी मला उतरवून घेतलं. "लाकूड चांगलं हाय, वाया कशाला घालवायचं?" एवढंच त्या म्हणाल्या.

मावशींच्या मागच्या खोलीत नगरच्या कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली राहतात. धनश्री अकोल्याकडची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. स्नेहल तिची मैत्रीण. यंदा कॉलेजात नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या आणि धनश्री दोन ठिकाणी नापास झाली. तिसरी कंपनी खाद्यपदार्थ बनवणारी होती, तिला प्रयोगशाळेसाठी माणसं हवी होती. "ही पण गेली, तर मी परत कुठल्या मुलाखतीला बसायचीच नाही," असं धनश्री स्नेहलला म्हणाली. तेव्हा तिचे घामेजलेले तळवे माझ्या हातांवर होते.

रोज संध्याकाळी पडवीत सराव चाले. स्नेहल साहेब होऊन मोबाईलवरचे प्रश्न विचारी. धनश्री घोकलेलं इंग्रजी सुरू करी, तिसऱ्या वाक्याला अडखळे, तिचा पाय थरथरू लागे आणि मी वाजे. कुर्र, कुर्र.

"पायाखाली पुठ्ठा घालू या हिच्या," स्नेहल वैतागून म्हणाली.

रतनमावशी उंबऱ्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. "राहू दे. ती वाजती म्हनून तर कळतं पोरगी कधी घाबरती. आन धने, तू पाठ केलेलं म्हनतीस. तुला काय येतं ते सांगतच न्हाईस. आज मी सायब. सांग, का घेऊ तुला कामावर?"

धनश्रीला हसू फुटलं. पण मावशी हसल्या नाहीत. मग ती सांगू लागली. सुट्टीत ती गावच्या दूध संकलन केंद्रावर दूध तपासायची. एकदा तिच्या सख्ख्या वैजनाथकाकांच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला, तर तो भसकन खाली गेला. दुधात पाणी होतं. काका डोळ्यांनी खुणावत होते.

"मंग?"

"मग काय, पाणी आहे असंच लिहिलं. काका दोन महिने बोलले नाहीत माझ्याशी."

"हे मागल्या सायबांना सांगितलंस?"

"हे काय सांगायचं मावशी!"

"हेच सांगायचं!"

मित्रांनो, ती एवढं सगळं सांगत असताना मी एकदाही वाजले नव्हते.

मुलाखतीच्या दिवशी मला कोण नेणार? मी पडवीतच वाट पाहत राहिले. दुपारी धनश्री आली ती चपलांसकट येऊन माझ्यात धपकन बसली.

"इंग्रजीत अडकले," तिने सांगितलं. "मग विचारलं, मराठीत सांगू का? मुलाखत घेणाऱ्या मॅडम हो म्हणाल्या. काकांचं सगळं सांगितलं. तर म्हणतात, उद्या आमच्याच मॅनेजरने आणलेला नमुना नापास झाला तर?"

"तू काय म्हनालीस?" मावशींच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"म्हटलं, आधी पुन्हा एकदा तपासीन. तरी नापास झाला, तर नापासच लिहीन. नंतर एका प्रश्नाचं उत्तर मला आलंच नाही. ते येत नाही, असं सरळ सांगून टाकलं."

चार दिवसांनी निवड झाल्याचा फोन आला. स्नेहलने पडवीत अशी उडी मारली की मावशींचं शेंगांचं सूप उपडं झालं. गावी कळवल्यावर वैजनाथकाकांचाच उलट फोन आला. "म्हंजी माझं पानी घातलेलं दूध कामाला आलं म्हन की!" ते इतक्या मोठ्याने हसले की मलासुद्धा ऐकू आलं.

आता पाळी स्नेहलची आहे. तिचा पाय हलत नाही. पण ती बोलायला लागली की श्वासच घेत नाही. मावशी मध्येच "थांब, पानी पी" म्हणतात. शेजारची पंकजाही आता सरावाला येऊन बसते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचं बोट लावा, आम्ही अजून पुष्कळ वर्षं काम देऊ. पण त्याहून मोठी विनंती दुसरीच आहे. तुमच्या घरात एखादी ताई किंवा दादा मुलाखतीची तयारी करत असेल, तर घटकाभर त्यांच्यासमोर बसा. तुम्हाला त्यातलं काही कळलं नाही तरी चालेल. नुसतं "मग?" म्हणत राहा.