विमानाला सुट्टी देणारा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. नाक मुरडू नका. लढाऊ विमान जमिनीवर उभं असताना त्याच्या चाकाला आड घालतात ना, तो मी. अंगाला पिवळा रंग, कमरेला दोर आणि रुबाब तर विचारूच नका. ढगांच्या वर जाणारं विमान माझ्या परवानगीशिवाय तसूभर हलत नसे.

मला ओढायचं काम परभणीजवळच्या ताडकळस गावच्या लिंबाजीचं. तो हवाई दलातला जमिनीवरचा माणूस. इशारा झाला की तो माझा दोर ओढायचा आणि म्हणायचा, "झाली सुट्टी." गावाकडे गडी कामावरून सुटले की सुट्टी झाली म्हणतात, त्याने तोच शब्द विमानाला लावला. हळूहळू तळावरचे पंजाबी जवानसुद्धा तेच म्हणू लागले.

आमचं विमान म्हातारं झालं होतं. नवी विमानं किती घ्यायची आणि कुणाकडून, यावर दिल्लीत वर्षानुवर्षे खल चालला होता. तोवर आम्ही जुन्यालाच तेलपाणी करून उडवत होतो. एके सकाळी ब्रेकने दगा दिला. लिंबाजीने मला ओढलं आणि चाक त्याच्या पायावरून गेलं. मी त्याच्या हातातच होतो, तरी काही करू शकलो नाही. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

पुढे नवी विमानं आली, सोबत त्यांचे रबरी ठोकळे आले. मी आणि लिंबाजी, दोघंही निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी साहेबांनी मला लिंबाजीच्या हवाली केलं. ताडकळसला मी काही दिवस ट्रॅक्टरच्या चाकाला आड लागलो, मग कोंबड्यांनी माझा ताबा घेतला.

लिंबाजीने अपंगत्वाच्या पेन्शनीसाठी अर्ज केला. त्यात लिहिलं, 'सुट्टी देतेवेळी पाय गेला.' बाजारातल्या टायपिंगवाल्याने त्याचं इंग्रजी करताना 'ऑन लीव्ह' केलं. उत्तर आलं, इजा रजेवर असताना झाली, सेवेशी संबंध नाही.

लिंबाजी दोन दिवस धड जेवला नाही. "पैशाचं जाऊ दे," तो बायकोला, मनकर्णाला म्हणाला. "पन गाव म्हनंल, घरी पडला आन् सरकारला मागायलाय."

मनकर्णाने कोंबडीला हाकललं आणि मला उचललं. "चला परभणीला. तुमचा शब्द त्येंला कळंना, तर करून दाखवा."

परभणीत माजी सैनिकांच्या तक्रारींची सुनावणी होती. दारातला शिपाई मला आत सोडेना. मनकर्णा म्हणाली, "सोडा की. साक्षीदार हाय आमचा."

टेबलामागे अर्पिता मॅडम नावाच्या तरुण अधिकारी होत्या. त्यांनी विचारलं, "काका, रजेवर असताना नेमकं काय झालं?"

"रजा न्हाई मॅडम, सुट्टी. जरा भाईर येता का?"

बाहेर त्यांची जीप उभी होती. लिंबाजी काठी टेकत वाकला आणि त्याने मला चाकाला आड लावलं. मग दोर धरून ओढलं. "ही सुट्टी. ही देतानाच माजा पाय गेला."

मॅडम खळखळून हसल्या. मग त्यांची नजर लिंबाजीच्या पायाकडे गेली आणि हसू मावळलं. त्यांनी तळावरून जुनी हजेरी मागवली. त्या सकाळी लिंबाजी कामावर असल्याची नोंद तिच्यात स्पष्ट होती.

अडीच महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. मनकर्णा वाचू लागली. 'कर्तव्यावर असताना' या शब्दांशी लिंबाजीने तिला थांबवलं आणि ते तीनदा वाचायला लावलं. रकमेची ओळ त्याने ऐकलीच नाही. त्या दिवशी मला नवा पिवळा रंग मिळाला आणि कोंबड्यांना दुसरी जागा बघावी लागली.

मित्रांनो, देशासाठी नवी विमानं जरूर घ्या, मलाही त्यांचा अभिमान आहे. पण ती उडवायला ज्यांचे हातपाय झिजतात, त्यांनाही जपा. त्यांच्या बोलीतला एखादा शब्द कळला नाही, तर कागदावर शिक्का मारण्याआधी त्यांनाच विचारा. ते आनंदाने सांगतील. माझा लिंबाजी तर एका शब्दाचा अर्थ सांगायला एका पायावर परभणीला आला होता.