नवऱ्याच्या नावाचा रकाना

दीपमालाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. त्या मंगळवारी तो नाकावर थांबलाच नाही.

कारणही तसंच होतं. महिन्यापूर्वी मंडल ऑफिसच्या आवारात डोळे तपासायचं शिबिर झालं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एकशेबारा माणसं निवडली होती. उद्या सकाळी त्यांना घेऊन बस आदिलाबादला जाणार, आणि बसमध्ये कोणी बसायचं त्याची यादी दुपारी भिंतीवर लागली. यादीत नावं एक्क्याऐंशी. गळल्या त्या एकतीसच्या एकतीस बाया. पुरुष एकही नाही.

त्या एकतिसांत चंपाबाई होती. दीपमालाच्याच गल्लीतली, पंच्याहत्तरीची, एकटी. एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्यानं चुलीतला जाळ तेवढा दिसायचा. डॉक्टर स्पष्ट बोलले होते, आत्ता झालं तर झालं, पुढच्या वर्षीच्या शिबिरापर्यंत हा डोळा टिकत नाही.

दीपमाला मंडल ऑफिसात डेटा एंट्रीला होती. ती यादी भिंतीवरून काढून तडक भार्गवसमोर गेली. जिल्ह्याहून आलेला कॉम्प्युटरचा माणूस तो, यादी त्यानंच काढली होती.

"एकतीस बाया कुठं गेल्या, सर?"

"जुळल्या नाहीत, मॅडम. जुळलं नाही ते गळलं."

"एकतीस बाया गळल्या, नि तुमाले काहीच वाटलं नाही?"

भार्गवनं स्क्रीन तिच्याकडे वळवली. एका टेबलात शिबिराच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात दोन वर्षांपूर्वीचा घरोघरचा सर्व्हे. गाव नि फोन सर्व्हेतून घ्यायचा होता. गावोगाव चंपाबाई, गयाबाई, भागाबाई सापडतात, म्हणून त्यानं माणसाचं नाव आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, अशी दोन्ही जुळवून टेबलं जोडली होती. या एकतीस जणींचा नवऱ्याच्या नावाचा रकाना एकीकडे तरी रिकामा होता.

"चंपाबाईचा तर दोनीकडं रिकामा हाय. मग सारखंच झालं ना?"

"नाही. रिकामं म्हणजे माहीत नाही. इथलं माहीत नसलेलं नि तिथलं माहीत नसलेलं एकच आहे, असं मशीन कधीच मानत नाही." मग तो म्हणाला, "सर्व्हे कोणी केला होता, तेही एकदा पाहून घ्या."

सर्व्हेच्या खाली नाव होतं दीपमालाचं. आता बोला. दात आपलेच नि ओठही आपलेच.

तिला सगळं आठवलं. जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. विचारलं की त्या पदर तोंडाला लावतात, शेजारणीकडे बघतात, आणि शेजारीण नाव सांगते. पण तेव्हा कापूस वेचणीचे दिवस. शेजारणी शेतात. वरून रोज चाळीस घरं उरकायचा दट्ट्या. नंतर भरू म्हणून ती पुढं सरकत गेली, आणि ते नंतर काही उजाडलं नाही. शिबिरातही चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांनी तेच केलं. स्वतःचाच असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"पाच वाजेपर्यंत दुरुस्तीचे फॉर्म आणा, भरून देतो," भार्गव म्हणाला.

तिनं फोन धरला. लेकींना, सुनांना, भाच्यांना, अंगणवाडीच्या बाईंना. घरच्यांनी अंगठे-सह्या आणून दिल्या, चारपर्यंत तीस फॉर्म झाले. चंपाबाईकडे ना फोन ना कोणी, म्हणून गाडी काढून ती घरीच गेली. नाव साऱ्या गल्लीला माहीत होतं, देवाजी. तिनं ते लिहूनच नेलं. फक्त अंगठा हवा होता.

"काय लिवलं, वाच बरं," चंपाबाई म्हणाली.

दीपमालानं वाचलं. म्हातारीनं हात मागं घेतला.

"ते नाव खोड."

"आजी, आता काय लाजतेस? लिवलं मी. तुले घ्याचं बी नाही."

"लाजते कोन वो?" चंपाबाईचा आवाज चढला नाही, पण धार आली. "पोर झालं नाही म्हून त्यानं मले जैनथच्या बसस्टँडवर सोडून देल्लं नि दुसरी आनली. लोक म्हनते, म्हातारी नवऱ्याचा मान राखते, नाव घेत नाही. मान कायचा? मी त्या नावावर थुकत बी नाही. डोया माहा हाय ना? मंग त्याचं नाव काऊन पायजे?"

"नाव नसलं तर बस चुकन, आजी."

"चुकू दे."

दीपमाला फॉर्म हातात घेऊन उभी राहिली. दुपारपासून ती भार्गववर चिडत होती, स्वतःवर चिडत होती, आणि म्हातारीचा हा सवाल आपल्याला का सुचला नाही म्हणून आता आणखी चिडली. मग गाडी वळवली.

"एकतिसावी?" तीस फॉर्म मोजून भार्गवनं विचारलं.

"तिचा रकाना रिकामाच राहील. जोडनी बदला."

"नियम आहे, मॅडम."

"कोनाचा?"

भार्गवनं चष्मा पुसला. "तसं मीच ठरवलं होतं."

"चिठ्ठीवर नि सर्व्हेत, दोनीकडं राशनकार्डाचा नंबर हाय, नावासंगं त्यावर जोडा. नि शिबिराची यादी पुरी येऊ द्या. सर्व्हेत सापडलं नाही तर रकाना रिकामा राहो, मानूस नाही गळला पायजे."

त्याला चार मिनिटं लागली. स्क्रीनवर एकशेबारा. तीस फॉर्म टेबलावर तसेच पडून होते, त्यांची गरजच नव्हती.

"एवढंच होतं?"

"हो."

"मंग आधी काऊन नाही केलं?"

"कोणी विचारलं नव्हतं."

दीपमालानं त्याला काही फेकून मारलं नाही, हे तिच्या आईचे संस्कार.

सकाळी बसच्या दारात अमृतराव क्लार्क नावं वाचत होते. चंपाबाईचं वाचताना अडखळले, खिशातून पेन काढलं. "इथं नवऱ्याचं नाव लिवायचं राह्यलं. काय नाव, बाई?"

दीपमाला पुढं झाली, पण चंपाबाईनं चाचपडत दांडा धरला होता आणि एक पाय पायरीवर टाकला होता.

"तो येऊन नाही राह्यला," ती म्हणाली. "मी येऊन राह्यली."

अमृतरावांनी पेन खिशात ठेवलं, तिच्या कोपराला हात दिला आणि पुढचं नाव वाचलं.